समासातलं भांडण

११ जानेवारी, सोमवार

चार्जर दिला! मागितला, म्हणून दिला.

खांद्याला ऑफिसची बॅग लावलेला गृहस्थ. इतिहासाच्या कपाटापुढे बराच वेळ उभा होता. एक पुस्तक काढलं, चाळलं, नाकाशी नेलं (हे सगळेच करतात), मग माझ्या स्टुलावर बसून पहिली वीसेक पानं वाचली. मी बिलबुक पुढे ओढलं. तर म्हणतो, "ताई, जरा चार्जिंग मिळेल का? ऑर्डर अर्धवट राहिलीय."

फोनवर तेच पुस्तक! माझ्याच स्टुलावर बसून, माझंच पुस्तक मांडीवर ठेवून, तो ते दुसरीकडून मागवत होता. आणि मी ड्रॉवरमधून चार्जर काढून दिला. प्लगही मीच धरून उभी राहिले — तो सैल आहे, तिरका दाबून धरावा लागतो.

जाताना म्हणाला, "फार छान दुकान आहे हो तुमचं. अशी दुकानं जपली पाहिजेत."

कोणी?

आता विचार करते आहे की का दिला. सभ्यपणा म्हणावा, तर तसंही नाही. भीती. नाही म्हटलं तर पुन्हा येणार नाही, ही भीती. जणू पुन्हा येऊन तो काही घेणार आहे!

१३ जानेवारी

दिवसभरात एकच जण आला. इथे झेरॉक्स निघते का, विचारून गेला.

१५ जानेवारी, शुक्रवार

दादा आला. बाबांनी हे जुन्या पुस्तकांचं दुकान दोघांच्या नावावर ठेवलं. तो विमा विकतो, मी दुकानात बसते. दर शुक्रवारी आजाऱ्याला भेटायला यावं तसा येतो, संत्री तेवढी आणत नाही.

शेजारच्या चष्मेवाल्याला मधली भिंत पाडून आमची जागा भाड्याने हवी आहे. मार्चअखेर सांगायचं. दादा म्हणाला, "छोटे, मी तुझा वैरी नाही. मला एक कारण दे. लोकांनी घरबसल्या मागवायचं सोडून तुझ्याकडे का यावं? एकच दे. चष्मेवाल्याला आत्ता नाही म्हणून येतो."

सेहेचाळीस वर्षांची झाले, अजून छोटी!

कारणं शोधली. स्वस्त? तिकडे आणखी स्वस्त. हाताळायला मिळतं? मिळतं की — हाताळतात इथे, घेतात तिकडे. शेवटी म्हटलं, "लोक येतात."

"लोक दवाखान्यातही येतात," दादा म्हणाला.

संध्याकाळी शटर ओढताना चष्मेवाला म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडे वाचून डोळे गेले की लोक माझ्याकडेच येणार होते. मधला एक टप्पा वाचेल." मी हसले. हसायला नको होतं.

१९ जानेवारी, मंगळवार

मीही पुस्तकं ऑनलाइन टाकते. प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. प्रत्येकाचं खरं वर्णन लिहिते — कोपरा मुडपलेला, पाठीला चिकटपट्टी, आत कुठेही लिहिलेलं नाही. पडून राहतात. आणि तिथेच 'वाचकमित्र' नावाचा एक विक्रेता आहे. त्याच्याकडेही तीच पुस्तकं, भाव माझ्या तिप्पट, आणि खाली लाल अक्षरात — विकले गेले. विकले गेले. विकले गेले! सहा महिने या वाचकमित्राला शिव्या घालते आहे. दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तशी रोज त्याची यादी बघते.

आज पहिल्यांदा त्याचे फोटो मोठे करून पाहिले. आतलं एक पान. समासात पेन्सिलीने लिहिलेलं — कशावरून?

ते प्रश्नचिन्ह मी कुठेही ओळखेन. लांबलचक शेपूट आणि टिंबाच्या जागी फटकारा.

कशावरून काका! आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. जन्मभर कोर्टात लघुलेखक होते. दुसऱ्यांचे युक्तिवाद मुकाट्याने उतरवून घेतले आणि निवृत्त झाल्यावर सगळी कसर भरून काढायला लागले. हातात पेन्सिल घेतल्याशिवाय वाचत नाहीत, समासात लेखकाशी भांडतात. "कशावरून?" "पुरावा?" "मागे काय म्हणालात, विसरलात?" "हे खरं आहे, पण तुम्हालाच कळलेलं नाही." महिनाभर दुकानात फिरकलेले नाहीत.

आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच. असं खुणा करकरून वाचलेलं पुस्तक कुणी जिवंतपणी विकत नाही. एकाच हातची पुस्तकं ढिगाने बाजारात आली, म्हणजे माणूस गेला आणि घरच्यांनी खोली रिकामी करायला काढली. म्हणजे वाचकमित्राने काकांचं घर उचललं. माझ्या नाकाखालून!

आता खरं लिहायचं. मनात पहिलं काय आलं? — त्यांच्याकडे दोन भिंती भरून पुस्तकं आहेत, मला आधी का नाही कळवलं. मग आलं — उरलेली अजून मिळतील का. वाईट वाटलं ते त्यानंतर.

२१ जानेवारी, गुरुवार

गेले भेटायला. जिना चढताना वाक्य जुळवत होते — "आम्हाला फार आधार होता त्यांचा." बेल वाजवली. दार उघडलं काकांनी.

मी म्हटलं, "कसं झालं?"

"काय कसं झालं?"

"काही नाही... तुम्ही कसे आहात?"

"पाय मुरगळलाय. बाकी जिवंत आहे." मग माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कोर्टातली नजर. "अगं, तू मला पोचवायला आलीस की काय?" आणि दाराची चौकट धरून हसत सुटले. "मी गेलो म्हणतेस! कशावरून?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आत गेले तर जेवणाच्या टेबलावर स्वयंपाकघरातला वजनकाटा, खाकी कागद, चिकटपट्टीची रिळं, पत्ते लिहिलेली पाकिटं. मी टेबलाकडे बघते, काका माझ्याकडे बघतात.

"तुम्ही? वाचकमित्र तुम्ही?"

"भाचीने लावून दिलं सगळं. नावही तिनेच ठेवलं. मी वाचकांचा मित्र, लेखकांचा नव्हे."

"पण पुस्तकं तर माझ्याकडून नेत होतात!"

"मग? इतकी स्वस्त आणि इतकी कोरी मिळतात कुठे?"

गेलं वर्षभर पिशव्या भरभरून नेत होते. मला वाटायचं, काय वाचतो हा माणूस! वाचतच होते. वाचायचे, भांडायचे आणि भांडणासकट विकायचे.

"मला का नाही दिलीत?" माझा आवाज चढला.

"आणली होती की. तू एक उघडलंस आणि म्हणालीस, काका, लिहिलेलं पुस्तक म्हणजे खराब प्रत, चौथाई भाव. मी पिशवी उचलून घरी आलो."

म्हणाले असेन. सगळ्यांनाच म्हणते. पिढ्यान्पिढ्या हाच नियम आहे. "ऑनलाइन लोक उलट मला लिहून कळवतात," काका म्हणाले, "पुस्तक बेताचंच होतं, पण तुमच्या हरकतींनी पैसे वसूल झाले."

चहा दिला. बिनसाखरेचा. प्यायले.

२२ जानेवारी

काका जिवंत आहेत याचा आनंद झाला का? झाला. मग जिना उतरताना पाय जड का होते? रागाने, असं लिहिणार होते. निराशेने. लिहून टाकलं.

२७ जानेवारी, बुधवार

पुन्हा काकांकडे. म्हटलं, दुकानात येऊन बसा. खिडकीशी टेबल देते. पुस्तकं माझी, भांडण तुमचं, येईल ते निम्मं निम्मं.

"म्हणजे भांडण विकायचं?"

"विकताच आहात की."

"मी वाचतो, भांडतो, मग विकतो. तू म्हणतेस, विकायचं आहे म्हणून भांडा."

"एकच झालं ते."

एकच नव्हतं. त्यांना माहीत होतं, मलाही. पण ते घरात बसून कंटाळले होते आणि माझा मार्च जवळ येत होता. म्हणाले, "टेबलावर दिवा लागेल."

५ फेब्रुवारी, शुक्रवार

चाललं! लोक येतात आणि घेतात! आपलं पुस्तक निवडतात, काकांच्या टेबलावर ठेवतात, आठवड्याने भांडलेलं घेऊन जातात. बाहेरगावच्या ऑर्डरी वेगळ्याच. एक जण म्हणाला, "साहेबांना वाढदिवसाला द्यायचंय. जरा जास्त भांडा." एक लेखक स्वतःचंच पुस्तक घेऊन आला आणि काकांच्या कानाशी लागून म्हणाला, "अगदी सोलून काढू नका हं."

दादा खूश. "बघ, सापडलं की नाही कारण!" वहिनीचा फोन — "वन्सं, दुकानाचा व्हिडिओ फिरतोय म्हणे. मला मात्र बिनभांडणाचं पुस्तक ठेवा एखादं. घरात पुरेसं आहे."

हसले. दिवसभर हसतेच आहे. फक्त दुपारी एका बाईंनी कपाटातलं साधं पुस्तक काढलं, पानं फडफडवली आणि विचारलं, "यात काहीच नाही?"

तीनशे पानं मजकूर होता आत.

११ फेब्रुवारी, गुरुवार

काका तापाने पडले. आठ पुस्तकं द्यायची आहेत. एक तर उद्याच. लोकांना थांबा म्हणायचं, एवढंच. फोन हातात घेतला आणि ठेवला. एकदा थांबायला सांगितलं की लोक कायमचे थांबतात.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

केलं.

आधी रद्दी कागदावर ते प्रश्नचिन्ह गिरवलं. हात बसला. इतकी वर्षं त्यांचं अक्षर बघते आहे. मग पुस्तक वाचायला घेतलं, कारण न वाचता हरकत घ्यायची नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. म्हणजे अक्षर चोरायचं आणि मत मात्र प्रामाणिक ठेवायचं! असला माझा हिशोब.

जुन्या घरांतल्या राहणीवरचं पुस्तक. सलग वाचलं. किती वर्षांनी! मी पुस्तकाची पाठ बघते, डाग बघते, पानं पुरी आहेत का बघते. वाचत नाही. हे मला आज कळलं, तेही पुस्तकात खोटी सही केल्यासारखं लिहिताना.

एके ठिकाणी लेखक म्हणतात, त्या काळी घरोघरच्या बायका तृप्त होत्या. मी समासात लिहिलं, "कोणी विचारलं होतं?" लिहिल्यावर लक्षात आलं, हे काकांचं नाही. काका 'कशावरून' म्हणाले असते. खोडरबर हातात घेतला. नाही खोडलं.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

चार झाली. पहिली प्रत पोचल्याचा अभिप्राय आला — "'कोणी विचारलं होतं?' हे वाचून पुस्तक मिटलं आणि आईला फोन केला. काकांना नमस्कार सांगा."

आनंद झाला. लाज नंतर वाटली. हल्ली जे वाटायला हवं ते सगळं मला नंतरच वाटतं.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

काका परत आले. "राहिलेल्यांचं काय केलंस?" मी म्हटलं, "थांबले लोक." सरळ खोटं. त्यांनी मान डोलावली आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. आता काम मात्र झपाट्याने करतात. मी कौतुक करते.

३ मार्च, बुधवार

आज पार्सलं बांधताना हातात आरोग्यावरचं एक जुनं पुस्तक आलं. बांधणीत कधी कधी दोन पानं कापायची राहून जातात. छापखान्यातून जोडलेलीच येतात, पट्टीने फाडल्याशिवाय आतलं दिसत नाही. यात ९८ आणि ९९ अशी राहिली होती, वरूनही जोडलेली आणि कडेनेही. १०० व्या पानावर काकांचं अक्षर, ठसठशीत — "आधीच्याच पानावर नेमकं उलट म्हणालात!"

आधीचं पान जन्माला आल्यापासून कुणी पाहिलेलं नाही.

खालून डोळा लावून पाहिलं, त्यांना न्याय द्यावा म्हणून. कागदाशिवाय काही दिसत नाही. पट्टीने फाडलं. आत लेखकाचं काहीच म्हणणं नव्हतं. कोष्टक होतं. कोणत्या वयात किती झोप.

मग बांधलेली बाकीची पार्सलं सोडली. 'कशावरून' आहे, दर दहा-बारा पानांनी आहे. विहिरीतून पाणी शेंदावं तसं एका लयीत.

४ मार्च, गुरुवार

ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"झोपेचं कोष्टक होय! बरं सापडलं."

"काका, कधीपासून?"

"दुसऱ्याच आठवड्यापासून. दिवसाला चार मागतेस. चार पुस्तकं वाचतो होय माणूस? 'कशावरून' कुठेही बसतं गं. कुठल्याही वाक्याला लावून बघ." मग हळूच म्हणाले, "पूर्वी चीड यायची म्हणून लिहायचो. आता लिहायचंय म्हणून चिडावं लागतं. या वयात रोज चार वेळा नाही चिडता येत."

मग मी माझं सांगितलं. वाटलं, आता उठतील आणि जातील. "बघू," म्हणाले. पाठवण्याआधी काढलेले फोटो दाखवले. एकेक सावकाश वाचलं.

"हे तू सगळं वाचून लिहिलंस."

"हो."

"माझ्यापेक्षा चांगलं आहे." पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "मग तूच लिही की! मी नुसता खिडकीत बसतो. लोकांना काका दिसले म्हणजे झालं."

थट्टा असेल म्हणून वाट पाहिली. थट्टा नव्हती. चेहऱ्यावर सुटका होती. शाळा सुटल्यासारखी.

या माणसाला वाचताना मी पंचवीस वर्षं पाहिलं. त्याला वाचनातून उठवलं मी, पाच आठवड्यांत.

५ मार्च, शुक्रवार

दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग अडचण काय आहे?"

"लोकांना वाटतं, काका वाचतात."

"लोकांना काय, काहीही वाटतं. माझ्या गिऱ्हाइकांना वाटतं, मी काळजीपोटी फोन करतो." मग उठून दुकानभर फिरला, कोपऱ्यातली जागा पावलांनी मोजली. "इथे दुसरं टेबल बसेल. अजून एक काका ठेवू. पांढऱ्या केसांचा कुणीही चालेल. तू मागे बसून लिही."

"दादा!"

"छोटे, मी एक कारण मागितलं होतं, मिळालं. आता त्यातही खोट काढ."

काढतेच आहे. पण खोट नेमकी कुठे? पुस्तक खरं, हरकत खरी, ती वाचूनच घेतलेली. घेणाऱ्याला पैशाचा मोबदला मिळतो, उलट पूर्वीपेक्षा जास्तच. आणि मला जे टोचतं ते खोटेपण आहे, की माझं वाक्य दुसऱ्याच्या नावावर जातं याची पोटदुखी? तीनदा उत्तर लिहून खोडलं. दोन्ही असेल. दुसरं अधिक असेल.

१० मार्च, बुधवार

अभिप्राय पाठवणारी ती मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची. आईला घेऊन आली होती. आई सत्तरीच्या, इस्त्रीची साडी, हातात रुमाल घट्ट. सरळ काकांच्या टेबलापाशी गेल्या.

"ते तुम्हीच लिहिलंत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिल करत होते. करतच राहिले.

"हो," काका म्हणाले. "लिहिलं खरं."

"घरात सासरे होते, दीर होते, हे होते. कुणाच्या मनात आलं नाही हो, की हिला विचारावं." मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "हिने वाचून दाखवलं, तर हिला म्हटलं, मला त्या गृहस्थांना बघायचंय. एका तरी पुरुषमाणसाला सुचलं!"

आणि त्यांनी काकांना हात जोडले. काका उठून उभे राहिले, दुखऱ्या पायावर.

सांगायला तोंड उघडलं होतं मी. काय सांगणार? की तो पुरुष नव्हे, मी? त्यांना इतक्या वर्षांनी जे मिळालं ते परत घेणार? मुलीने आणखी दोन पुस्तकं भांडायला ठेवली, आगाऊ पैसे दिले. मी घेतले, पावती दिली, पिशवी हवी का विचारलं.

त्या गेल्यावर काका म्हणाले, "असं रोज नाही जमणार मला."

१२ मार्च, शुक्रवार

चष्मेवाल्याला जागेसाठी हो सांगून आले. मी. दादाला त्याच्याकडूनच कळलं, तसाच धावत आला — "वेड लागलंय का तुला? आता तर कुठे चालायला लागलंय!"

"म्हणून तर," म्हटलं.